हल्याच्या टाकीतली बरकत

अखंडनाथ महाराजांना त्या उन्हाळ्यात काय मिळणार होतं, याचा अंदाज मी पहिल्या दर्शनालाच बांधला होता. नारळ, तांदूळ, सुटे पैसे हे किरकोळ. ते कुठल्याही महाराजाला मिळतात. खरी आवक घासलेटची होती. दर बुधवारी घरटी एक बाटली, अशा एकशे चव्वेचाळीस बाटल्या. चोवीस बाटल्यांचा एक डबा धरला तर हप्त्याला सहा डबे. आणि ज्या अखंड दिव्यासाठी हे तेल गोळा व्हायचं तो दिवा म्हणजे करंगळीएवढ्या वातीची पत्र्याची चिमणी. ती रात्रंदिवस जळली तरी हप्त्याला तीन बाटल्यांच्या वर पिणार नाही. उरलेल्या एकशे एक्केचाळीस बाटल्या देव कुठं ठेवत होता, हा प्रश्न मला पडला होता. मी तो कोणाला विचारला नाही.

कारण सांगतो. मी तेव्हा राणीसावरगावच्या कंट्रोलच्या दुकानात लिहिणारा होतो. फसली तेराशे त्रेपन्न साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीस. लढाई दूर कुठंतरी चालली होती आणि तिची झळ आमच्या गावाला घासलेटच्या रूपानं लागली होती. कार्डावर हप्त्याला दोन बाटल्या. लोक मंगळवारी माझ्याकडून दोन बाटल्या नेत आणि बुधवारी त्यातली एक महाराजांच्या पायाशी ठेवत. माझं काम देण्याचं आणि लिहून ठेवण्याचं. नेलेलं तेल कोण जाळतो, कोण सांडतो आणि कोण देवाला देतो, याचा रकाना माझ्या वहीत नव्हता. शिवाय चार बुधवार मी स्वतःही एकेक बाटली ठेवून आलो होतो. सगळं गाव ठेवतं आणि मुनशी ठेवत नाही, असं दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या मापाबद्दल चर्चा झाली असती.

बुधवारी सकाळी दर्शनाच्या वेळी माणिकरावांच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसे. मधोमध उभा असायचा हल्या. हल्या म्हणजे रेडा; हे नाव गावानं ठेवलं. माणिकराव आमचे पाटील. हैदराबादेत लिलाव झाला, तिथून त्यांनी पट्ट्यांवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर उचलला. तो रेल्वेनं गंगाखेडपर्यंत आला आणि तिथून स्वतःच्या पायांनी, मध्ये दोन मुक्काम करत, गावात शिरला. काळा, बोजड, फुरफुरणारा. बैलांच्या नांगराला दाद न देणारी हरळी तो मुळासकट उलटी करायचा. एकराला बारा रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात, आणि तेल ट्रॅक्टरच्या मालकाचं, असा दर ठरला होता. एका एकराला एक डबा घासलेट लागायचं. माणिकरावांकडं तहसिलीचा परवाना होता, हप्त्याला सहा डब्यांचा.

हल्याच्या टाकीवर पितळी टोपण होतं. टोपणाच्या मधोमध भोक, भोकातून वर आलेली एक तार आणि तारेच्या टोकाला बोराएवढा लाल मणी. टाकी भरलेली असली की मणी वीतभर वर असे. नांगरट चालली की मणी हळूहळू खाली येई आणि टोपणाला टेकला की ड्रायव्हर लिंबाजी हल्या थांबवून डबा ओते. लहानथोर सगळ्यांना एवढं माहीत झालं होतं. शेंबडी पोरंसुद्धा बांधावरून ओरडायची, "लिंबाजीभाऊ, मणी बसला."

मग वैशाखात महाराज आले. त्यांनी हल्याला हळदकुंकू लावलं, तारेला मण्याच्या खालून टोपणापर्यंत काळ्या दोऱ्याचा गंडा बांधला, नऊ पदरी, नऊ वेढ्यांचा, वर मेण चोपडलं, आणि त्या दिवसापासून मणी खाली येईना. दत्तरावांचे दोन एकर झाले, मणी वीतभर वर. उमाजीचा एकर झाला, मणी वर. लिंबाजीनं डबा ओतलेला कोणी पाहिला नाही. चार हप्ते हल्या चालला आणि मणी जिथल्या तिथं.

"हा मणी न्हवे," महाराज सांगत. ते पाटावर बसत आणि बोलताना डोळे अर्धे मिटत, म्हणजे उघड्या अर्ध्यातून ताटलीतली नाणी दिसत राहत. "हा या यंत्राचा प्राण आहे. प्राण ऊर्ध्व गेला की देह चालतो. आम्ही प्राणाला ऊर्ध्व बांधला. आता तेल कशाला? तेल म्हणजे काय? तिळाचा अंश. तीळ म्हणजे काय? पृथ्वीचा अंश. आणि पृथ्वीवरच तर हा उभा आहे. मग तेल कुठून आलं?"

"पृथ्वीतून," लोक म्हणत.

"घासलेट तिळाचं असतंय व्हय?" कडूबाई एकदा पुटपुटली. कडूबाई भाजी विकायची आणि तिची जीभ तिच्या मिरच्यांहून तिखट होती. पण पुढच्या बाईनं तिला कोपर मारलं आणि प्रश्न तिथंच बसला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांत एकानंही टोपण काढून आत पाहिलं कसं नाही. इथंच तर महाराजांनी आमची नस पकडली होती. आमच्याकडं खळ्यावर रास मोजायची एक रीत आहे. रास मोजताना कोणी बोलत नाही. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. परक्यानं राशीकडं टक लावायची नाही, किती झालं विचारायचं नाही. विचारलं की बरकत जाते. बाप मोजायचा, आजा मोजायचा, सगळे असेच मुक्यानं. महाराजांनी ही खळ्याची रीत उचलली आणि टाकीला लावली. "टाकीत जो डोकावेल त्याच्या राशीची बरकत जाईल." झालं. एका गावातली तीनशे माणसं हल्यापासून दोन हात लांब उभी राहू लागली.

रोज सकाळी हल्या सुरू होण्याआधी बरकतीची पूजा व्हायची. महाराजांचा चेला मुंजाजी, दांडगा गडी, हल्याच्या भोवती घोंगड्यांचा आडोसा धरवायचा आणि लाल फडक्यानं तोंड बांधलेल्या दोन घागरी आत न्यायचा. गंगेचं पाणी म्हणे. थोड्या वेळानं रिकाम्या घागरी घेऊन बाहेर यायचा.

"पानी कुठं गेलं?" कोणी विचारलं की तो म्हणायचा, "हल्यानं घेतलं."

आणि माझ्या वहीत दर मंगळवारी माणिकरावांची सही पडत होती. सहा डबे घेतले. सहा डबे घेतले. ज्याच्या टाकीला तेल लागत नाही त्याला डबे कशाला लागतात? हाही प्रश्न मी विचारला नाही. पाटलांच्या वाड्यातच माझं भाड्याचं घर होतं. आणि टाकीला तेल लागत नसूनही एकराचे बारा रुपये बाराच राहिले होते, हे तर कोणाच्याच लक्षात आलं नाही. भक्ती वाढली की आकडेमोड कमी होते, असा माझा अनुभव आहे.

केवळाबाई या गर्दीत मागं उभी असायची. धनगराची बाई, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. चाळीस मेंढरं आणि ओढ्याकाठी तीन एकर काळी जमीन, पण सगळी हरळीनं खाल्लेली. तिचं पोट मेंढरांवर. उन्हाळ्यात शेतकरी तिची मेंढरं रात्रीची आपल्या रानात बसवून घ्यायचे, खत मिळतं म्हणून, आणि रात्रीला एक पायली ज्वारी द्यायचे. यंदा तिनं दोन एडके विकून तीन एकरांच्या नांगरटीचे छत्तीस रुपये माणिकरावांकडं आधीच भरले होते. एकदा रान उलटलं की मिरगाला आपली ज्वारी आपण पेरायची, असा तिचा बेत. तिचा नंबर होता सत्तावीसवा. महाराजांना चार बाटल्या देऊन झाल्या होत्या, म्हणजे चार हप्ते ती निम्म्या संध्याकाळी अंधारात बसली होती.

पाचव्या मंगळवारी घासलेटची गाडी आली नाही.

गंगाखेडहून निरोप आला, वरूनच माल नाही. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन आले आणि तशाच परत गेले. बुधवारी महाराजांच्या पायाशी नारळ पडले, बाटली एक नाही. महाराजांचं त्या दिवशीचं प्रवचन फार आखूड झालं.

आणि गुरुवारी माणिकरावांचा गडी केवळाबाईच्या पालावर गेला. उद्या सकाळी पहिला नंबर तिचा.

ती धावत दुकानात आली. "मुनशी, माजा नंबर सत्तावीस हाय न्हवं? तुमीच लिवला होता."

"सत्तावीसच आहे."

"मग पयला कसा झाला?"

"मालकांना विचारलंस?"

"विचारलं. म्हनले, महाराजांची मेहेर हाय. गोरगरिबाचं आदी." ती हसली, पण हसता हसता थांबली. "म्या गरीब तर मागल्या हप्त्यातबी होते की."

मी वहीत डोकं घातलं.

शुक्रवारी सकाळी ओढ्याकाठी माणसंच माणसं. महाराज बाभळीखाली गाडीत बसले होते. मुंजाजीनं घोंगड्या धरल्या, घागरी आत नेल्या, बाहेर आणल्या; मात्र आज घागरी आत नेताना त्याच्या खांद्याला बाक आला नाही. मणी वीतभर वर. लिंबाजीनं हँडल मारलं, हल्या फुरफुरला आणि केवळाबाईच्या रानात शिरला. पहिलं तास, म्हणजे नांगराची एक रेघ, गेलं. ढेकळं अशी उलटली की हरळीची पांढरी मुळं उन्हात तडफडायला लागली. केवळाबाई बांधावर उकिडवी बसून नुसती बघत होती. दुसरं तास. तिसऱ्या तासाच्या मध्यावर हल्या खोकला, पुन्हा खोकला, आणि गप्प झाला.

लिंबाजी खाली उतरला. सेलूच्या जिनिंगमध्ये आठ वर्षं इंजिनावर राहिलेला गडी. त्यानं हँडल मारलं, दहा वेळा, वीस वेळा. शर्ट पाठीला चिकटला. त्यानं प्लग काढला, पुसला, परत बसवला. तारा चाचपल्या. हवेचं भांडं उघडून झटकलं. पुन्हा हँडल. हल्या ढिम्म.

"तेल?" उमाजीनं बांधावरून विचारलं.

लिंबाजीनं मण्याकडं बोट दाखवलं. मणी ताठ, वीतभर वर, उन्हात चमकत होता.

महाराज गाडीतून उतरले. हल्याभोवती एक फेरी मारली, नाकानं वास घेतला, डोळे पूर्ण मिटले. मग बोलले, "इथं छाया पडली आहे."

"कुनाची, महाराज?" माणिकरावांनी विचारलं. विचारायला त्यांनी जरा घाईच केली.

"ज्या रानात कुंकू नाही, त्या रानाची. आम्ही दयेपोटी परवानगी दिली. या बाईची नजर टाकीवर पडली आणि चार हप्त्यांची बरकत एका क्षणात गेली."

गर्दी केवळाबाईपासून मागं सरली. पायाखाली विंचू निघाल्यावर सरते तशी. दत्तराव सगळ्यात आधी बोलले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं अर्धं रान अजून नांगरायचं राहिलं होतं. "केवळाबाई, राग मानू नको. आज राती मेंढरं आमच्या रानात आनू नको."

"आमच्याबी नको," दुसरा म्हणाला.

"पोराबाळांचं घर हाय आमचं," तिसरा म्हणाला.

तीन माणसांत तिची तीन रात्रींची ज्वारी गेली. अशीच गावभर पसरली तर मेंढरं कुठं बसवायची आणि खायचं काय? हे गणित मला दिसलं, तिलाही दिसलं. ती उठली. लुगड्याचा काचा नीट केला आणि महाराजांच्या समोर, पण चार हात लांब, उभी राहिली.

"महाराज, एक विचारू?"

"आता विचारून काय होणार?"

"बरकत गेली म्हनता?"

"गेली."

"सगळी?"

"तीळभरही राहिली नाही."

केवळाबाईनं मण्याकडं पाहिलं. "मग मणी वर कसा?"

महाराजांनी डोळे उघडले.

"न्हाई म्हंजे, म्या अडानी हाय," ती म्हणाली. "मणी वर म्हंजे बरकत हाय, असं तुमीच चार हप्ते सांगायलाव. मग बरकत हाय तर हल्या चालंना कामून? आन गेली आसंल तर मणी खाली कामून येईना? दोनांतलं एक सांगा. म्हंजे म्या कशाची गुन्हेगार हाय ते मला कळंल."

मागून कडूबाईचं हसणं ऐकू आलं. महाराज म्हणाले, "बरकत गेली नाही. रुसली आहे."

"रुसली तर आत बसून हाय की."

"आहे. पण प्रवाही नाही."

"मग हात लावून बगू, रुसलेली कसली असती ती."

"डोकावायचं नाही," मुंजाजी पुढं आला. "डोकावलं की रास उडती."

"माजी रास कुठं हाय रं बाबा? सात वरसं हरळी पिकवायलेय मी." तिनं पदर खोचला. "तरीबी रीत ती रीत. डोकावनार न्हाई. डोळे मिटते. डोकावायला बंदी हाय, काडी घालायला कुनी बंदी केली? पेवात ज्वारी किती हाय ते आमी काय आत उतरून बगतो व्हय? काडी घालतो."

हे मात्र गर्दीतल्या प्रत्येकाला पटलं. पेव म्हणजे जमिनीतला धान्याचा खड्डा. घरटी एक तरी असतो, आणि त्यात काडी घालून अंदाज घेणं हा रोजचा उद्योग. राशीला टक लावायची नाही हे खरं, पण काडीचा नियम कोणी ऐकला नव्हता. महाराजांनाही तो लगेच सुचला नाही. तेवढ्या वेळात केवळाबाईनं बांधावरची वाळलेली तुराटी मोडून घेतली.

"लिंबाजी, टोपन काढ."

लिंबाजी माणिकरावांकडं पाहू लागला.

"हात लावलास तर नोकरी गेली समज," माणिकराव म्हणाले.

लिंबाजीनं हातातला पाना टाकीच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, "मालक, सेलूला आमचा बुढा फिटर होता. तो म्हनायचा, काट्याचं ऐक पन काडीला विचार. चार हप्ते तुमी मला टाकीला हात लावू दिला न्हाई. आज हल्या बिघडला आसं गाव म्हनल तर नाव माजंच जाईल की."

त्यानं टोपण फिरवून अर्धं सैल केलं आणि बाजूला सरकवलं. केवळाबाईनं डोळे गच्च मिटले, तोंड पार ओढ्याकडं वळवलं आणि तुराटी टाकीत सोडली. टक, असा तळाला लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिनं काडी वर काढली आणि डोळे मिटूनच उंच धरली.

"कितीवर ओली हाय, सांगा कुनीतरी. मला बगायची बंदी हाय."

तुराटी हातभर लांब होती. ओली होती बोटाच्या एका पेरापुरती. बाकी खडखडीत.

कोणी काही बोलेना. रास मोजताना असतं तसं गप्प. मग कडूबाई मोठ्यानं म्हणाली, "लाभ."

गर्दी फुटली. हसू आधी बायकांत सुरू झालं, मग बाप्यांत. उमाजी पुढं झाला, दत्तराव पुढं झाले. लिंबाजीनं टोपण हातात घेतलं आणि तार वर उचलून सगळ्यांना दाखवली. तारेच्या खालच्या टोकाला बुचाचा गोळा अडकवलेला होता.

"हे बगा. हे बूच तेलावर तरंगतंय. तेल वर तर बूच वर, बूच वर तर मणी वर. तेल खाली गेलं की बूच खाली, मणी खाली. यात प्रान बीन काय न्हाई, बूच हाय. आसल्या काट्याचे तीन रोग. एक, बूच तेल पिऊन जड होतं आन बुडतं. मग टाकी भरलेली आसली तरी मणी खाली." त्यानं बूच दाबून पाहिलं. "हे चांगलं हाय. दोन, तार वाकडी होऊन भोकात आडकती." त्यानं तारेवरून बोट फिरवलं. "ही सरळ हाय. तीन, भोकात गंज नाहीतर कचरा बसतो. भोक मोठं हाय, साफ हाय. मग मणी कशानं आडकला?"

त्यानं गंड्यावर बोट ठेवलं. नऊ पदरांचा, मेण चोपडलेला दोरा मण्याखालून टोपणापर्यंत असा जाड गुंडाळलेला होता की तो भोकातून खाली उतरणं शक्य नव्हतं. तार खाली यायला बघायची आणि दोऱ्याचा तो खांब टोपणावर बसून राहायचा. आत तेल संपलं की बूच तेलावर तरंगण्याऐवजी दोऱ्याच्या जोरावर नुसतं हवेत लटकत होतं.

"लिंबाजी," महाराज म्हणाले, "तो गंडा सिद्ध आहे."

"सिद्धच हाय की, महाराज. लय घट्ट हाय." लिंबाजीनं टोपण परत टाकीवर बसवलं, खिशातला चाकू काढला आणि दोरा कापला.

मणी सळकन खाली आला आणि टोपणावर आपटला. टिंग. एवढासा आवाज, पण बाभळीखालच्या बैलांनीही कान टवकारले.

"मग चार हप्ते चालला कशावर?" दत्तराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती लाज होती. आणि त्याच वेळी कडूबाईनं मुंजाजीच्या घागरीत नाक घातलं आणि मान वळवून शिंकली.

"गंगेला घासलेटचा वास येतोय," ती म्हणाली.

केवळाबाईनं डोळे उघडले. "म्हंजे तेल सरल्यावर खापर फोडाया माजा नंबर पयला लावला व्हय," ती म्हणाली. ती माझ्याकडं वळली. "मुनशी, तुमी लिवता ना सगळं?"

मला वाटलं होतं, मी या गोष्टीतून सुटलो. वही माझ्या काखेत होती. गाडी येईल म्हणून मी ती सकाळपासून सोबत घेऊन हिंडत होतो. माणिकराव माझ्याकडं पाहत होते. घरभाडं आठवलं. केवळाबाईचं पाल आठवलं, दत्तरावांचं ते "राग मानू नको" आठवलं. मी वही उघडली.

मी कोणावर आरोप केला नाही. फक्त वाचून दाखवलं. "फसलीचा तीर महिना. पहिला मंगळवार, माणिकराव, ट्रॅक्टरच्या परवान्यावर सहा डबे. सही. दुसरा मंगळवार, सहा डबे, सही. तिसरा, सहा. चौथा, सहा. पाचवा मंगळवार, गाडी नाही." वही मिटवली. "आणि गावानं महाराजांना दिल्या हप्त्याला एकशे चव्वेचाळीस बाटल्या. म्हणजे तेवढेच सहा डबे."

उमाजी बोटांवर मोजत होता. "हल्या हप्त्याला सहा एकर नांगरायचा. एकराला एक डबा." त्यानं मूठ मिटली. "म्हंजे आपल्याच बाटल्या त्याच्या पोटात?"

"चिमणीच्या तीन सोडून," मी म्हणालो. मला नेमकं बोलायची खोड आहे.

"आन मालकाचे डबे?"

सगळे माणिकरावांकडं वळले. ते धोतराच्या निऱ्या नीट करत होते. गंगाखेडच्या बाजारात घासलेटची बाटली कंट्रोलच्या चौपट भावानं जात होती, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

"मलाबी फसवलं ह्यानं," माणिकराव म्हणाले आणि महाराजांकडं बोट दाखवलं.

महाराज काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही, कारण ते बोलत बोलत गाडीच्या दिशेनं जात होते. मुंजाजीनं घागरी तिथंच टाकल्या. उमाजीला महाराजांच्या मागं धावायचं होतं, पण केवळाबाईनं त्याला अडवलं. "जाऊ द्या. त्याला धरून काय करता? त्याच्यापाशी तेल न्हाई. ज्याच्यापाशी हाय त्याला सोडू नका." आणि माणिकरावांसमोर येऊन हात जोडले, फार नम्रपणे. "मालक, छत्तीस रुपये भरलेत म्या. अडीच तासं झाली. बाकीचं रान?"

तीनशे माणसं उत्तराची वाट पाहत उभी होती. आणि तहसिलीत अर्ज कोण लिहितं हे माणिकरावांना ठाऊक होतं. मीच लिहितो.

चार दिवसांनी हल्या केवळाबाईच्या रानात पुन्हा शिरला. तेल गंगाखेडहून आलं. माणिकरावांनी ज्या व्यापाऱ्याला स्वतःचे डबे विकले होते, त्याच्याकडूनच ते परत घ्यावे लागले, आणि त्यानं घेतलेल्या भावाच्या दीडपट लावले. व्यापारी म्हणाला, बाजारात माल नाही, मी तरी काय करू. तो खरं बोलत होता. त्याच रात्री दत्तरावांनी केवळाबाईची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतली. दोन पायल्या दिल्या. एक मेंढरांची, दुसरी कशाची ते बोलले नाहीत.

या सगळ्यावरून मी काही मोठं सांगायला निघालेलो नाही. रास मुक्यानं मोजा, पहिल्या मापाला लाभ म्हणा, त्यात कोणाचं काही जात नाही. पण कोणी तुम्हाला "बघू नको" म्हणालं, तर बघू नको म्हणणाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी बघा. आणि डोळे उघडायची भीती वाटत असेल तर केवळाबाईसारखे मिटून घ्या, पण काडी घाला. खोटं असेल तर ते तळाला लागतंच, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

शेवटची जमाखर्चाची ओळ लिहून वही बंद करतो. चोवीस एकर नांगरट, तेल गावाचं, चिमणीच्या बारा सोडून पाचशे चौसष्ट बाटल्या. त्याच चोवीस एकरांची मजुरीही गावाचीच, बारा रुपयांच्या दरानं. केवळाबाईचे तीन एकर आणि नंतरची सगळी रानं, तेल माणिकरावांचं, दीडपट भावानं. अखंडनाथांनी दिलं, काळा दोरा एक. मुनशीनं चार बाटल्या दिल्या आणि चार हप्ते गप्प बसला. ते गप्प बसणं कोणत्या रकान्यात लिहायचं हे त्याला अजून सापडलेलं नाही. आणि चिमणीच्या बारांतली शेवटची बाटली? ती त्या चिमणीत अर्धी शिल्लक सापडली. कडूबाईनं ती घरी नेली, आणि त्या शुक्रवारी रात्री राणीसावरगावात ज्या एका घरात दिवा लागला ते तिचं.